येताना बॅटरी आणा

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार
मंजुळा भाऊबीजेला टिटवाळ्याला गुणाजीकडे गेली ती अजून आलेली नाही. माहेरपण. बायका राहतात. शेजारच्या जोसेफिनबाईंनी विचारलं तेव्हा हेच सांगितलं. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या, पण ज्या तऱ्हेने म्हणाल्या ते मला आवडलं नाही. लोकांना कामं नाहीत.
एका परीने बरंच झालं. सरप्राइजला वेळ मिळाला. शाळेची मोडीत निघालेली मॅटाडोर व्हॅन घेऊन ठेवलीच आहे, तिचं फिरतं घर करायचं. जाताना मंजुळा म्हणालेली, या घरात जीव घुसमटतो. घुसमटतो ना? मग घरालाच चाकं लावतो.
संकल्प: सकाळी सहाला कामाला सुरुवात. चहा दोनदाच.

१६ नोव्हेंबर, बुधवार
नऊला उठलो. चहा मोजला नाही.
गाडीतली बाकं काढली. प्लॅन असा: कशेळीला खाडीच्या काठी गाडी लावायची. मंजुळा चटणी वाटणार, मी बोंबील तळणार, टेबलफॅनचा वारा, समोर छोटा टीव्ही. आणि प्लग शोधत कोणाच्या दारात जायचं नाही. सगळं गाडीच्या बॅटरीवर. बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचे, बस. अख्खी नोकरी मानपाड्याच्या कंपनीत मेंटेनन्सला काढली, इन्व्हर्टर काय बाजारातून आणू?

१८ नोव्हेंबर, शुक्रवार
शुक्रवार, म्हणजे लाईट नाही. सोल्डरिंग बंद. माझा इलाज नाही.
दर शुक्रवारी बिचारी पाट्यावर वाटायची आणि वाटता वाटता काहीतरी सांगत असायची. काय सांगायची ते आठवत नाही. मी रेडिओ उघडून बसलेलो असायचो. आता शुक्रवारीसुद्धा मिक्सर चालेल.
दुपारी झोपलो. डोक्यालाही विश्रांती लागते.

२२ नोव्हेंबर, मंगळवार
डेनिस ठाण्याहून आलेला. कंपनीतला जुना दोस्त, पण स्वभाव भित्रा. म्हणाला, इंजिनाला एक बॅटरी आणि घरच्या सामानाला दुसरी, वेगळी लाव, नाहीतर पंखाच बॅटरी खाऊन टाकेल आणि गाडी जागची हलणार नाही. मी म्हटलं, दोन बॅटऱ्या म्हणजे दोन संसार, एकही धड होत नाही. हसला नाही. वहिनी कधी येणार, म्हणाला. मी त्याला पक्कड धरायला लावली.
तो गेल्यावर इस्त्री लावून पाहिली. फ्यूज गेला, वास सुटला. इस्त्री रद्द. फिरायला जाताना कडक कपडे हवेत कोणाला?

२६ नोव्हेंबर, शनिवार
पंखा फिरला! गाडीत, बॅटरीवर, पंखा फिरला!
इन्व्हर्टर जरा जोरात गुणगुणतो. त्या आवाजाने झोप चांगली लागेल.
सांगायला धावत वर आलो, स्वयंपाकघरात शिरलो, 'अगं' म्हटलं. ओट्यावर कालचं पातेलं होतं. त्यावर झाकण ठेवलं. मग जेवलो नाही. भूक नव्हती.

३० नोव्हेंबर, बुधवार
मोठी बातमी. जोसेफिनबाईंकडे गुणाजीचा फोन आलेला. म्हणाला, भाऊजी, ताई म्हणते एकदा येऊन बोलून जा. आणि येताना बॅटरी आणा.
बॅटरी! तिने स्वतःहून नाव काढलं! म्हणजे सगळं कळलंय तिला. डेनिसनेच फोडलेलं दिसतं. जाऊ दे. आजवर माझ्या एकाही कामात तिने रस दाखवला नव्हता. बोलायचं काय आहे आता? गाडीत बसायचं आणि निघायचं.
जोसेफिनबाईंना सांगितलं, रविवारी येतेय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आनंद झाला असणार.

२ डिसेंबर, शुक्रवार
बॅटरी कालच चार्जिंगला दिलेली. आज शुक्रवार हे लक्षातच राहिलं नाही. अर्धीमुर्धी भरलेली परत आणली. अर्धी भरपूर झाली. टिटवाळा काय काश्मीरला आहे?

४ डिसेंबर, रविवार, सकाळ
दाढी केली. तिच्यासाठी खिडकीला पडदे लावले. खोबरं, मिरच्या, कोथिंबीर घेतली. तिथेच चटणी करून दाखवणार.

४ डिसेंबर, संध्याकाळ
जाऊन आलो. उद्या लिहीन.

५ डिसेंबर, सोमवार
लिहितो.
गुणाजीच्या नव्या बिल्डिंगला अजून मीटरच आलेले नाहीत. मंजुळा खाली आली. वाळलेली वाटली नाही, उलट बरी दिसत होती. आल्या आल्या विचारलं, बॅटरी आणलीत? मी ऐटीत सीट उचलून दाखवली.
तिने वाकून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, ही नाही. हातातली. दिवाणात ठेवलेली. जिन्यात दिवा नाही, इथे राहायचं तर बॅटरी लागणारच ना."
मी म्हटलं, असं होय. आणि पंखा लावला. टीव्ही लावला. 'राहायचं' हा शब्द मी ऐकलाच नाही, असं ठरवलं. तिला पडद्यापाशी बसवलं आणि मिक्सर लावला. ती काहीतरी बोलू लागली. मला नुसतं तोंड हलताना दिसत होतं. मी हाताने खूण केली, थांब, आधी चटणी. तरी ती बोलतच राहिली. मग मिक्सरचा आवाज बसत गेला, टीव्ही विझला, पंखा थांबला. बॅटरी संपली.
इतकं शांत कधी झालं नव्हतं आमच्यात.
ती म्हणाली, "आता ऐकू येतंय? मी बोलायला लागले की तुमच्याकडे नेहमी काहीतरी चालू असायचं. आज बंद पडलंय, म्हणून सांगते. मी येणार नाही."
रागावली असती तर मला सुचलं असतं काही. रागावली नव्हती. मला रडू आलं. वायरी गुंडाळत बसलो, म्हणजे तोंड खाली ठेवता आलं. तिने पाणी आणून दिलं.
गाडी अर्थातच चालू होईना. धक्का मारायला लागला. गुणाजी आला, बिल्डिंगमधले दोघे आले. आणि पदर खोचून मंजुळा आली. संसारात माझ्या गाडीला तिने कधी हात लावला नव्हता. काल मात्र सगळा जोर लावला. तिसऱ्या धक्क्याला इंजिन चालू झालं.
धक्क्यावर चालू झालेली गाडी थांबवायची नसते. थांबलं की पुन्हा बंद. म्हणून थांबलो नाही. तू दुपारी जेवलीस का, एवढं विचारायचं राहिलं.
आरशात दिसली. रस्त्याच्या मधोमध उभी होती, हात हलवत होती. मीही खिडकीतून हात काढून हलवला.
मग नीट पाहिलं. हाताला लागलेली धूळ झटकत होती.