रुसवा काढायला आलेले अकरा जण

माईनचे गरम झरे,
मंगळवार, दुपारच्या नमाजानंतर

माझ्या थोरल्या बहिणीस फिद्दाचा सलाम, आणि तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

ताई, तुझे पित्ताचे खडे कसे आहेत? दाजींचा खोकला कमी झाला का? (त्यांना म्हणावं, सिगारेट सोडा असं मी म्हणत नाही, पण निदान खोकताना तरी ती तोंडातून बाजूला काढत जा.) धाकट्या नातीचा दात पडला की अजून लोंबतोच आहे? मागच्या खेपेला पाठवलेलं ऑलिव्हचं लोणचं सुनेला खारट लागलं म्हणे. तिला सांग, ते पाण्यात भिजवून खायचं असतं, बरणीत बोटं घालून नव्हे. असो. देव तुम्हा सगळ्यांना सुखात ठेवो आणि तुमच्या घरी पाहुणे कमी पाठवो.

आता मुद्द्याचं. हे पत्र मिनीबसवाल्या सालेमच्या हाती देतेय, पण आमच्या करकहून बातमी तुमच्या इरबिदला याच्या कितीतरी आधी पोचलेली असणार, हे मला ठाऊक आहे. तू ऐकलं असशील की साठी उलटलेली फिद्दा, तीन नातवंडांची आजी, नवऱ्याशी भांडून, रुसून, घर सोडून गेली. साफ खोटं! मी गुडघ्यांसाठी आलेय. डॉक्टर म्हणाले, सात दिवस सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात बसा आणि डोक्याला ताप करून घेऊ नका. मला सात दिवस हवे होते, ताई. शांततेचे. सात म्हणजे काही सातशे नव्हेत. ते तरी पदरात पडतात की नाही, त्याचीच ही सगळी रडकथा आहे.

तू म्हणशील, मग कुणाला न सांगता गुपचूप का गेलीस? अगं, तुला आठवत नाही का मागची खेप? मी सकाळी घरात नुसतं ‘गरम झरा’ म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत दोन मिनीबस भरल्या होत्या. सतरा माणसं, चार गाद्या, कोळशाची शेगडी, एक बकरं (जिवंत!), आणि मन्सफचं, म्हणजे दह्यातल्या मटण-भाताचं, ते पातेलं, ज्यात आपल्या आजीने लहानपणी तुला लपवलं होतं. झरा माझ्यापासून दहा पावलांवर धो धो कोसळत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसले होते. साडेचारशे गुंडाळ्या केल्या. गुडघ्याला पाणी लागलं ते भांडी घासताना उडालं तेवढंच. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी जाईन तर एकटी जाईन.

तरी नवऱ्याला सांगूनच निघाले हो! नायेफचे बाबा बातम्या बघत होते. मी म्हटलं, शनिवारी सात दिवसांसाठी माईनला जातेय, एकटीच. ते म्हणाले, “हं.” आता हेडमास्तर म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या ‘हं’चा अर्थ मी होकार असा घेतला, यात माझं काय चुकलं? शुक्रवारभर स्वयंपाक करून सात डबे भरले, वार लिहून फ्रीजमध्ये रचले. फोन मुद्दाम गव्हाच्या पोत्यावर ठेवला, कारण फोन बरोबर असला की माणूस कुठेही गेलं तरी घरीच असतं. आणि शनिवारी सकाळी साडेसहाला एक छोटी पिशवी घेऊन बाहेर पडले.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. समोरच्या खिडकीत जिर्यिसची आई उभी होती. (ती कधी नसते?) तिने काय पाहिलं? फिद्दा, एकटी, हातात पिशवी, बरोबर नवरा नाही, पातेलं नाही, आणि डोळे लाल. ताई, ते डोळे सात डब्यांच्या कांद्याने लाल झाले होते! पण आपल्याकडे बाई पिशवी घेऊन एकटी निघाली म्हणजे रुसूनच निघाली. त्यात फोन घरी सापडला. त्यात अब्बा-अम्मा राहिले नाहीत, म्हणजे रुसून जायला माहेरही नाही. झालं! नऊ वाजेपर्यंत सगळी आळी माझ्यासाठी हळहळत होती, आणि नायेफच्या बाबांना विचारलं तर त्यांना आठवेचना मी काय सांगितलं होतं ते. ‘हं’ म्हणताना माणूस ऐकत नसतो, हे मला अडतीस वर्षांत कळायला हवं होतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शनिवार कसा गेला सांगू? पोचले तशी बायकांच्या कुंडात उतरले, गळ्यापर्यंत. वर डोंगराचे कडे तापलेले, खाली पाणी तापलेलं, मध्ये मी. कुणी हाक मारली नाही. “आई, माझा मोजा कुठे आहे?” असं कुणी विचारलं नाही. मग कुणी दुसऱ्याने रांधलेलं डाळीचं सूप, कुणी दुसऱ्याने वाढलं, आणि ती वाटी कुणी दुसऱ्यानेच उचलून नेली. ताई, खोटं कशाला बोलू, त्या वाटीमागे बघत मला रडू आलं. सुखाचं रडू. त्या रात्री दहा तास झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा.

रविवारी नायेफ आणि सून येऊन थडकले. सालेमनेच तोंड उघडलं असणार, दुसरं कोण? सून माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली आणि माझ्याच टॉवेलला नाक पुसलं. नायेफ म्हणाला, “आई, बाबांनी हात उचलला का?” मी म्हटलं, अरे गाढवा, तुझ्या बाबांनी अडतीस वर्षांत चहाचा कप उचलला नाही, हात कुठला उचलतात! त्यावर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू मी सगळं गिळून टाकतेय. परत गेले आणि सांगितलं म्हणे, आई फार दुखावलीय, हसतेय नुसती.

काल सोमवारी मात्र कहर झाला. मी कुंडातून बाहेर आले होते, अंगात इथला तो पांढरा टॉवेलचा झगा, डोक्याला रुमाल, पायात कागदी सपाता. समोर बघते तर अकरा पुरुष! काळे झगे, लाल चौकड्यांचे रुमाल, आणि सगळ्यांत पुढे आपल्या कुळाचे हाजी मुतलक, तेच, ज्यांनी दोन खुनांचं आणि एका विहिरीचं भांडण मिटवलंय. ते माझा रुसवा काढायला आले होते. अगं, काय माझी अवस्था! वाफेने लाल झालेलं तोंड, हातात अर्धी खाल्लेली काकडी. मॅनेजर बिचारा धावत खुर्च्या घेऊन आला, त्याला वाटलं कुणी वारलं. कॉफी आली, कडू, वेलदोड्याची. हाजींनी कप हातात घेतला आणि तसाच समोर ठेवून दिला. त्यांच्यामागोमाग दहा कप टकाटक खाली. “फिद्दा, मुली, तू घरी परत येते म्हटल्याशिवाय ही कॉफी आमच्या घशाखाली उतरणार नाही.”

मी म्हटलं, हाजी, प्या हो सुखाने, भांडण झालेलंच नाही. हाजी सगळ्यांकडे वळून म्हणाले, “ऐकलंत? खानदानी बाई अशी असते. नवऱ्याची अब्रू झाकते.” मी म्हटलं, अल्लाशपथ, मी गुडघ्यांसाठी आलेय! मागून कुणीतरी म्हणालं, “बिचारी. गुडघ्यांवर ढकलते.” जितकं नाकारावं तितकी मी थोर होत चालले. कॉफी निवत चालली. आणि नायेफचे बाबा त्या अकरांत, लग्नाचा कोट घालून, बुटांकडे बघत बसलेले. तुम्ही तरी सांगा की हो, असं मी डोळ्यांनी म्हणतेय, तर ते आणखी खाली बघताहेत.

तेव्हा मला कळलं, तक्रार केल्याशिवाय ही माणसं हलणार नाहीत. तक्रार नाही तर समेट नाही, समेट नाही तर कॉफी नाही, आणि कॉफी न पिता उठले तर हाजींचं नाक कापलं जाणार. बरं, सांगून टाकू काहीतरी हलकंसं. म्हटलं, हे माझं बोलणं ऐकत नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणतात. हाजी गंभीरपणे म्हणाले, “आणखी?” ताई, ते ‘आणखी’ विचारायला नको होतं. एकदा तोंड उघडलं आणि मलाच कळेना आत एवढं कुठे साठलं होतं! गच्चीचं दार सहा वर्षं करकरतंय. मला दम्याचा अटॅक आला तेव्हा ऑक्सिजनच्या आधी यांनी इस्त्रीचा शर्ट शोधला. जेवण छान झालं हे वाक्य मी यांच्या तोंडून फक्त दुसऱ्यांच्या घरी ऐकलंय. बोलता बोलता बघते तर बाकीचे दहाजणही बुटांकडे बघू लागले होते, आणि एकजण हळूच खुर्ची मागे सरकवत होता.

आणि तेवढ्यात नायेफचे बाबा उभे राहिले. घसा साफ केला, शाळेत करायचे तसा. म्हणाले, “हाजी, चूक माझीच आहे. वदहाला होकार देण्याआधी मी हिला विचारायला हवं होतं.”

मी म्हटलं, वदहाला कसला होकार?

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. त्या बिचाऱ्याला वाटत होतं मला सगळं कळलंय आणि त्यामुळेच मी निघून आलेय. माझी नणंद वदहा, तिचा नवरा, दोन मुलगे, दोन सुना आणि तो शिंकणारा बोका, सगळे आमच्या घरी येणार होते. त्यांच्या घराची छतं नवी करायची आहेत. अख्खा हिवाळा! नोव्हेंबर ते मार्च! आणि हे महिन्याभरापूर्वीच हो म्हणून बसले होते, मला सांगायचं धाडस होत नव्हतं म्हणून ‘योग्य वेळेची’ वाट बघत होते. योग्य वेळ सापडली ती अकरा माणसांसमोर, मी टॉवेलात असताना.

म्हणजे बघ, नसलेलं भांडण मिटवायला आले आणि खरंखुरं लावून दिलं. मी काकडी खाली ठेवली. म्हटलं, हाजी, आता मी रुसले. आता लिहून घ्या. वदहाला नाही म्हणून कळवल्याशिवाय मी घरी पाऊल टाकणार नाही, माझे सात दिवस पुरे करीन, आणि मग सरळ इरबिदला थोरल्या बहिणीकडे जाईन. हाजींनी बराच वेळ दाढी कुरवाळली. (त्यांना स्वतःला तीन बहिणी आहेत.) शेवटी म्हणाले, “हक्काची गोष्ट आहे,” आणि थंडगार कॉफी एका घोटात संपवली. बाकीच्यांनीही घाईघाईने संपवली आणि मंडळी मिनीबसमध्ये बसली. नायेफचे बाबा सगळ्यांत शेवटी चढले. एकदा मागे वळून बघितलं. मी नाही बघितलं.

तर ही खरी हकीकत. बायकांना सांग, फिद्दा स्वाभिमानाने बसली आहे. दाजींना सलाम, मुलांना गोड पापा. तुझी धाकटी, फिद्दा.

ता. क. गुडघे खूपच बरे आहेत. काल पायऱ्या कठड्याला न धरता चढले.

ता. क. दुसरा. तुझ्यापासून काय लपवायचं. नायेफचे बाबा दुसऱ्या वळणावर मिनीबसमधून उतरले. लग्नाच्या बुटांत, त्या उन्हात, पाऊण तास चालत खाली आले. घामाने कोट पाठीला चिकटलेला. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “नायेफच्या आई, फोन केला तिला. नाही म्हणालो.” ताई, या माणसाने बहिणीला जन्मात नाही म्हटलेलं नाही. मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाले, “रडली. म्हणाली, वहिनी घरी आली की आम्ही सगळे येऊन तिची समजूत काढू.” सगळे, ऐकलंस? म्हणजे मी घरी गेले रे गेले की वदहा गाद्या घेऊन दारात. आता समोर पुरुषांच्या कुंडात बसलेत, डोक्यावर ओला रुमाल ठेवून. त्यांचेही गुडघे दुखतात म्हणे. मला कधी सांगितलं नव्हतं.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच समज. आज सकाळी यांनी हाजींना चक्क खोटं कळवलंय की मी रागाने सात दिवसही थांबले नाही, कालच तुझ्याकडे निघून गेले, आणि हे माझ्यामागोमाग गेलेत. सालेमला यांनी गप्प राहायची शपथ घातलीय. तेव्हा करकहून कुणाचाही फोन आला तर सांग, फिद्दा आत रडतेय, कुणाशी बोलत नाही, आणि तिचा नवरा बाहेर पायरीवर बसलाय, आम्ही त्याला पाणीसुद्धा दिलेलं नाही. आवाज जरा दुखावलेला काढ, दाजींना फोन घेऊ देऊ नकोस, ते हसतात. आणि कुणी आम्ही समजूत घालायला येतो म्हणालं, तर म्हणावं, इतक्यात नको, प्रकरण फार चिघळलंय. अडतीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे आलो नव्हतो, ताई. तुझ्या पाया पडते, निदान पंधरा दिवस तरी आमचा समेट होऊ देऊ नकोस.