जुन्या फोल्डरमधला आवाज

२ मार्च, सोमवार. सकाळी ११.१०

आजपासून शांत राहायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

टीमवर नव्या लीडबाई आल्या. पहिल्या मीटिंगमध्ये मी अजिबात घाबरलो नाही, फक्त दोनदा पाणी प्यायला बाहेर गेलो. बाईंचं म्हणणं, पेशंटच्या उशाशी ठेवायच्या आपल्या यंत्राचं सॉफ्टवेअर यापुढे एका कोऱ्या मशीनवर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर, मुळापासून बिल्ड करायचं, सगळे तुकडे नव्याने जोडून. मी सांगितलं, सहा वर्षं माझ्याच मशीनवर होतंय, एकदाही कुरकुर नाही. त्यांनी विचारलं, जुनं बिल्ड पूर्ण पुसून शेवटचं कधी केलं होतं? मी पाणी प्यायला गेलो ते तेव्हाच.

३ मार्च

बाईंच्या मेल यायला लागल्या. सकाळपासून चार. शांत राहायचं असल्यामुळे उघडणार नाही.

माझ्या मशीनवरचं जुन्या बिल्डचं फोल्डर का पुसत नाही ते एकदा लिहून ठेवतो. यंत्राच्या पोटात दोनशे अकरा पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे तुकडे आहेत. प्रत्येकाची एक फाइल, त्यात त्याला आधी कोण कोण लागतं ते लिहायचं. बिल्ड टूल तेवढंच वाचतं. जे लिहिलं नाही ते त्याच्या लेखी नाहीच. मी सगळं लिहिलंय. मग पुसून बघायचंच कशाला? दुसऱ्यांनी केलेले बदलही मी माझ्या मशीनवर घेत नाही. चालू गाडीचं चाक कोण काढतं?

संकल्प: गुरुवारी कोऱ्या फोल्डरमध्ये गुपचूप एकदा बिल्ड करून बघायचं. भीती म्हणून नव्हे. कुतूहल म्हणून.

५ मार्च. दुपारी १.१५

सगळे जेवायला गेले तेव्हा बिल्ड संपलं. एकही एरर नाही! उगाच घाबरत होतो. म्हणजे, घाबरत नव्हतो.

१.३५. यंत्रात घातलं. क्लिप माझ्या बोटाला लावली आणि काढली. स्क्रीन लाल झाली. अलार्म वाजला नाही.

१.३७. पुन्हा. लाल. आवाज नाही.

१.४०. यंत्राला चापट मारली. नाही.

१.४५. डबा तसाच.

६ मार्च

कारण सापडलं. जानेवारीत यंत्रात जागा कमी पडत होती, तेव्हा मी ‘बिनकामाची’ पॅकेजं बिल्डच्या यादीत अनटिक केली. त्यात आवाजाची लायब्ररी, म्हणजे आवाज काढणारं पॅकेज गेलं. अलार्मला ती लागते हे त्याच्या फाइलमध्ये लिहायचं राहून गेलं होतं, म्हणून टूलनेही अडवलं नाही. (राहून गेलं होतं. मी विसरलो नव्हतो.) आणि अनटिक केलं तरी हे टूल आधी बनवलेलं काही काढून टाकत नाही. जुन्या फोल्डरमध्ये लायब्ररी पडून राहिली, माझ्या मशीनवरच्या बिल्डचं यंत्र बोंबलत राहिलं. म्हणजे जागाही वाचली नव्हती. वाचेल असं मी कागदावर दाखवलं होतं, त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

उपाय एका ओळीचा: अलार्मच्या फाइलमध्ये लायब्ररीचं नाव. पण बदल केला की त्यावर नाव आणि तारीख येते. सहा वर्षांची अब्रू. सोमवारी करतो.

९ मार्च, सोमवार

करणारच होतो. नाश्त्याला बायको म्हणाली, माझ्या आईचं ऑपरेशन बुधवारी सकाळी ठरलं. हॉस्पिटल तेच, जिथे आमची यंत्रं उद्या चाचणीला जाणार आहेत. तुमचंच यंत्र आईच्या उशाशी असेल, आता मला काळजी नाही, असंही म्हणाली. पोळी चिवट आहे म्हटलं. पोळी तिने केली होती. भांडण झालं.

१० मार्च. दुपारी १.००

योजना: जुनं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन बाईंच्या कोऱ्या मशीनमध्ये टाकायचं. ओळ नको, नाव नको. फक्कड.

१.२०. टेस्टर त्याच मशीनसमोर डबा खात बसलाय. त्याला म्हटलं, बाहेर हवा छान आहे, जाऊन ये. तो म्हणाला, बाहेर पाऊस आहे.

१.५५. अजून खातोय. सावकाश चावतो मेला.

३.३०. यंत्रं खोक्यात भरून गेली. मी टेम्पोच्या मागे फाटकापर्यंत चालत गेलो. का, कुणास ठाऊक.

५.००. मला भीती वाटते. लिहूनच टाकतो. सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही. माझं सॉफ्टवेअरचं काम म्हणजे बसून टकटक, असं त्या चारचौघांत सांगतात. पण उद्या त्यांचा श्वास अडकला आणि यंत्र नुसतं लाल होऊन गप्प बसलं तर?

बाईंना मेल लिहिली. विषय: एक किरकोळ सूचना. पाठवली नाही.

११ मार्च. सकाळी ८.२०

झोप नाही. बाईंना पार्किंगमध्येच गाठलं. भाषण पाठ होतं, पण बोबडी वळली. जानेवारी, लायब्ररी, सासूबाई, सगळं उलटसुलट सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, ती ओळ ना? ती गेल्या मंगळवारीच टाकली. कोऱ्या मशीनवर पहिल्याच बिल्डला अलार्म वाजला नाही, दहा मिनिटांत कळलं. सगळ्यांना मेल केली होती, तुम्ही वाचली नाहीत का?

मेल आत्ता उघडली. तीन ओळींची आहे. चूक कुणाची, त्याचा उल्लेख नाही. कुणी विचारलंही नसावं.

दुपारी ४.१०. हॉस्पिटल

ऑपरेशन नीट झालं. सासूबाई झोपल्या होत्या. यंत्र उशाशी, हिरवं. बायको चहा आणायला गेली. बाईंवर माझा पूर्ण विश्वास आहे.

तरी क्लिप काढली.

वाजलं! अख्खा वॉर्ड दणाणला. दोन सिस्टर आणि एक डॉक्टर धावत आले. मी क्लिप हातात धरून रडत उभा. सिस्टर काय काय बोलल्या ते लिहीत नाही. सासूबाईंनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, यांना बाहेर बसवा.

बाहेर बसलो आहे.