न्हाणीमागची केळ

मळवली,
वैशाख वद्य पंचमी, शके १८६०

चि. सौ. मुक्ता हीस,

गंगाधरचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आई बरी आहे, म्हणजे सुनेशी भांडण्याइतकी बरी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. वडिवळ्यात तुमचे भाताचे राब भाजून झाले असतील. दाजींनी विडी सोडली म्हणतात, पण तुझ्याकडून कळलं तरच मी खरं मानीन.

मोठी बातमी म्हणजे आपल्या आळीच्या सांडपाण्याची सोय झाली. सगळ्या मोऱ्यांचं पाणी विहिरीच्या कडेनं वाहायचं, ते तुला ठाऊकच आहे. यंदा शिमग्यानंतर हगवणीची साथ आली. नथूभाऊंची अंबू कशीबशी वाचली. मग मी सगळ्यांना शाळेत जमवलं. सांगितलं, हे पाणी चर खणून विहिरीपासून लांब नेऊ, मोठ्या खड्ड्यात दगड, खडी, वाळू भरू आणि त्यात मुरू देऊ. बायकांना लगेच पटलं. पुरुषांना आधी हवं होतं, जागा कोणाची जाणार?

जागा सापडेना. जिथे कुदळ मारावी तिथे कातळ. खोल माती फक्त आपल्या परसात, न्हाणीमागे. मी म्हटलं, घ्या आमची. लोकांनी मास्तरांचं फार कौतुक केलं.

पुढचं लिहायला नको म्हणून मी म्हैस आणि विडी काढून बसलो होतो. तुझी केळ काढली, मुक्ता.

खड्डा आखला तेव्हा झुंबरबाई काठी टेकत आली. सोनीच्या वेळी तुझं बाळंतपण तिनंच केलेलं. म्हणाली, "मास्तर, हितं नगा खणू. सोनीची वार म्या हितं पुरलीय. मुक्तानं वर केळ लावली ती उगा न्हाई."

"मावशी, दुसरीकडे माती नाही."

"व्हय, म्हनून तर मीबी हितंच पुरली." मग काठी माझ्याकडे रोखून म्हणाली, "इचारलं का तिला?"

विचारलं नव्हतं. वडिवळं काही विलायतेत नाही, सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परत आलो असतो. तुझ्याकडे आलो नाही, कारण तू "नको" म्हणाली असतीस तर मला थांबावं लागलं असतं. सोनीला ज्या हगवणीनं नेलं तीच पुन्हा आळीत शिरली होती, हे खरं आहे. पण हेच तुला समोर बसून सांगायला हवं होतं. त्या लेकराचं या घरात तेवढंच उरलं होतं. मोठेपणा मला मिळाला आणि जागा तुझी गेली. फार चुकलं माझं.

खणताना वारेच्या मडक्याची खापरं निघाली. आईनं ती पदरात घेतली, कोणाला हात लावू दिला नाही. वरच्या खाचराच्या बांधाला तिनं स्वतः पुरली. शेजारी मी त्याच केळीच्या बुडाला फुटलेला एक मुनवा लावला आहे, अजून त्यानं जीव धरलेला नाही. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

पाणी छान मुरतं. वास नाही, माश्या नाहीत. बायका वाटेत थांबवून "लय चांगलं केलंत" म्हणतात आणि मला मान वर करवत नाही.

नागपंचमीला आलीस की बोचकं खाली ठेवायच्या आधी तू तांब्या घेऊन मागे जातेस. केळीला पाणी घालूनच घरात येतेस. यंदाही तशीच जाशील आणि तिथे नुसती खडी दिसेल, म्हणून हे पत्र. दरवर्षीसारखा मी तुला न्यायला मुराळी येईन. गाडीत बसायचं, की मला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. या वेळी विचारतो आहे.

तुझ्या सोनीचा मामा,
गंगाधर