झाइराचा हात

३ मार्च १९९२, पार्मा

लागली एकदाची नोकरी! प्रयोगशाळेतल्या माकडांना खाऊ घालायचं, पिंजरे धुवायचे. घरी आलो तर बायकोने, लोरेत्ताने, नाक धरून थेट न्हाणीघरात पिटाळलं. माकडीण सवत म्हणून आणलीस होय, म्हणाली.

झाइरा या माकडिणीच्या मेंदूत केसाएवढी तार आहे, स्पीकरला जोडलेली. तिने शेंगदाणा उचलला की स्पीकर तडतडतो. आज शेंगदाणा मी तोंडात टाकला. ती नुसती बघत होती, तरी तडतडला! डॉक्टर एर्मेस म्हणाले, बाबा रे, बघणं आणि करणं तिच्या मेंदूला एकच, म्हणून तर एकाचं दुसऱ्याला कळतं. हाताला तेवढा ब्रेक असतो.

९ मार्च

झाइरा संत्रं सोलत होती. खिशातली माझी बोटंही सोलत होती. डॉक्टर पोट धरून हसले. तुझा ब्रेक ढिला आहे, म्हणाले. मीही हसलो.

१३ मार्च

झाइराने डॉक्टरांचं बोट हाडापर्यंत चावलं. मी सोडवायला धावलो आणि त्यांच्याच खांद्यात दात रुतवले. मांस तुटेपर्यंत सोडलं नाही. त्या रक्ताची मला किळस आली नाही, याची जास्त भीती वाटते. डॉक्टर बिचारे म्हणतात, घाबरलास, होतं असं.

१७ मार्च

झाइराने शेजारच्या म्हाताऱ्या नराची मान मुरगळली. मी काचेपलीकडे होतो, वजन करायला घेतलेलं पिल्लू हातात. कडकन आवाज झाला. दोनदा.

१९ मार्च

घरीच आहे. झाइराला बघत नाही. तरी तिच्या संत्र्याच्या वेळी बोटं हवेत सोलत राहतात. लोरेत्ताला विनवलं, आईकडे जा. म्हणते, सूप कोण ढवळणार, तुझी माकडीण?

२२ मार्च, रविवार

काल डॉक्टरांचा फोन. झाइराला नवी सोबतीण दिली, दिवसभर तिच्या उवा बघत बसते.

माझा उजवा हात दुपारपासून लोरेत्ताच्या केसांत आहे. निघत नाही. तिचं डोकं मांडीवर. म्हणते, असे लाड लग्नानंतर पहिल्यांदाच.

प्रयोगशाळेत फोन लावला. रविवार— कोणी उचलत नाही.

ऊठ म्हणालो. ओरडलो. ती डोळे मिटून हसते.

डाव्या हाताने लिहितोय. पेन्सिल धरली आहे तोवर हा हात तरी माझा—

बोटं केसांतून खाली आली. मानेवर. हळूहळू—

लोरेत्ता, अगं ऊठ—

पेन्सिल निसट—