काळ्या कोटासाठी काळा फिल्टर

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा फोटोग्राफी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. राग गेला का, ते त्यांनी विचारलं नाही. गेलेला नाही.

१. राहती खोली, स्टुडिओ आणि बँकेतील शिल्लक माझ्या भाचीस, म्हणजे मयत धाकट्या बहिणीच्या मुलीस, मिळावी. तिच्या बापाचा त्यात काडीचाही हक्क नाही.

२. ट्रायपॉड शेजारच्या घड्याळजींना. एक पाय वाकला आहे, कारण तो मी भाचीच्या बापाच्या गुडघ्यावर हाणला होता. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं. त्याने सगळ्यांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. बहिणीच्या फुटलेल्या कवटीबद्दलही त्याने हेच सांगितलं होतं.

३. लाल आणि काळा असे दोन फिल्टर, कॅमेरा आणि फ्रीजमधला इन्फ्रारेड फिल्मचा शेवटचा रोल भाचीस. इथे माझा गुन्हा लिहिते. बहीण गेली तेव्हा फौजदार तिच्या नवऱ्याचा काळा लोकरी कोट घेऊन आले. डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणारी ती फिल्म फक्त माझ्याकडे असायची. "ताई, डोळ्यांना डाग दिसत नाहीत. तुमच्या फिल्मवर काही येतं का बघा." काळ्या फिल्टरमधून आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. आधी फोकस करायचा, मग फिल्टर चढवायचा, आणि कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही. न बघता फोटो काढायचा मला धीर झाला नाही. मी लाल लावला, कारण त्यातून दिसतं. पण लालमधून साधा उजेडही आत शिरतो. कोट काळाच्या काळा आला. कोर्टात त्याच्या वकिलाने माझाच फोटो नाचवला आणि तो सुटला.

४. सुटल्यावर त्याने कोट माझ्या काउंटरवर फेकला. "ठेव, बहिणीची आठवण." मी काळा फिल्टर लावला. कापड फिकट राखाडी आलं आणि बाहीपासून खांद्यापर्यंत रक्ताचे शिंतोडे उमटले. फौजदार म्हणाले, "आता उशीर झाला, ताई. सुटलेल्यावर पुन्हा खटला चालत नाही." त्याच संध्याकाळी मी ट्रायपॉड उचलला.

५. कोट कपाटात आहे, तोही भाचीस. ती म्हणते, "मावशी, बाबा तसे नाहीत. फोटोत तू काय वाट्टेल ते करू शकतेस." म्हणून मी काढलेला तो फोटो निगेटिव्हसकट जाळला. बये, तू स्वतः काढ. रोल मिट्ट काळोखात भर. फोकस केलास की लेन्सचं कडं लाल ठिपक्यापर्यंत सरकव, या फिल्मचा फोकस तिथे लागतो, मग काळा चढव. फिल्म तूच धू. त्या माणसाला रोज हाताने रांधून वाढतेस, ते मला बघवत नाही. पण पुढचा घास द्यायचा की नाही, ते तू ठरव.

६. माझ्या वकीलबाईंनी हे मृत्युपत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचावं. त्याला पुढच्या खुर्चीत बसवावं. कोणी त्याच्या अंगाला हात लावू नये. भाची फिल्म धुऊन डार्करूममधून बाहेर येईपर्यंत त्याला उठू देऊ नये.

सही: स्टुडिओवाली
साक्षीदार: १. डॉक्टर २. समोरचे लाँड्रीवाले
ठिकाण: स्टुडिओची मागची खोली
तारीख: ११ ऑक्टोबर