तुझी घुंगरं

शहापूर, बेळगाव
बुधवार, दुपार

प्रिय तेजू,

मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, तू केलास की मी गोडाउनमध्ये. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून हे लिहिते आहे. दिपालीकाकू उद्या पुण्याला येते आहे, तिच्या हाती देईन. रागावून फाडू नकोस, आधी वाच.

घरात परवापासून शांतता आहे आणि ती चांगली नाही. आजी माझ्याशी बोलत नाहीत. तू गेल्यापासून मी माधवी मॅडमच्या नाचाच्या क्लासला जाते, हे तुला बाबांनी सांगितलं असेलच. आजींना तो गुडघ्यांचा व्यायाम वाटत होता, मीही वाटू दिला. पण येत्या रविवारी माझी गेज्जेपूजा आहे. देवापुढं पुजलेली घुंगरं घरातल्या माणसानं मॅडमच्या हाती द्यायची, मॅडमनी ती माझ्या पायात बांधायची आणि मग मी पहिल्यांदा लोकांसमोर नाचायला उभं राहायचं. मी आजींनाच विनवलं. त्या म्हणाल्या, "ह्या वयात पायात घुंगरं? देवीला सोडल्यागत? माझ्या हातनं व्हायचं न्हाय गं ते." लहानपणी कंग्राळीत देवीला सोडलेल्या पोरींचे हाल त्यांनी पाहिलेत ते मला ठाऊक आहे, म्हणून उलट बोलले नाही. पण राग आला, अजून आहे. स्वतःच्या आईनं नको म्हटल्यावर बाबा काही पुढं होणार नाहीत. ते नेहमीसारखे स्कूटर पुसायला खाली गेले.

ऑफिसात त्याहून वाईट. बसल्या जागी ताल धरायची मला खोड लागली आहे. टाळी द्यायची, बोटं मोजायची, शेवटी तळवा उलटा करायचा. गेल्या आठवड्यात खिडकीशी बसून तेच चाललं होतं. बाहेर ड्रायव्हर नागोजी ट्रक लावत होता, त्याला वाटलं मी गाडी मागं घ्यायला सांगतेय. त्यानं घेतली, थेट गेटच्या खांबावर. माणसं हसली, श्रीनाथसाहेब हसले नाहीत. डिस्पॅचची प्रमुख मला करायचं त्यांच्या मनात होतं. आता म्हणतात, रविवारी स्टॉक मोजायला या आणि संध्याकाळचा क्लास सोडा, नाहीतर ती खुर्ची विक्रमची. उत्तर आजच हवं होतं. ती खुर्ची मला हवी आहे, तेजू. इतकी वर्षं त्याच दारातून दुसऱ्यांना आत जाताना पाहिलंय.

आणि सहा वाजले की मी उद्यमबागेतल्या ऑफिसातून क्लासला चोरासारखी पळते. मध्येच रेल्वे गेट पडलं तर जीव नुसता वरखाली होतो. उशिरा येणाऱ्याला मॅडम आत घेत नाहीत, बाहेर पायरीवर बसवतात. ती पायरी तुला आठवते? तू आत नाचायचीस आणि मी तिथं मेथी निवडत बसायचे, साडीखाली पाय हलवत. शेजारच्या विणकराच्या मागाची खटखट आणि मॅडमची ताल देणारी काठी, दोन्ही मला पाठ झालं होतं. तुझी पावलं चुकली की घरी येईपर्यंत मी तुला बोलायचे. मग एक दिवस तू घुंगरं सोडून माझ्या पुढ्यात टाकलीस आणि म्हणालीस, "तुलाच एवढी हौस आहे ना आई, मग तूच नाच." त्यानंतर आपण दोघी नीट बोललोच नाही. जेवलीस का, पोचलीस का, एवढंच. मला राग तुझ्या बोलण्याचा नव्हता, तू खरं बोललीस त्याचा होता. आता काहीही झालं तरी त्या पायरीवर मला परत बसायचं नाही.

साहेबांना सकाळीच सांगून आले, रविवारी जमणार नाही. खुर्ची विक्रमला गेली. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि दोन गाड्या पाठवल्या. आता तुझ्याकडं मागणं आहे. बाजारात नवी घुंगरं मिळतात, पण मला तीच हवीत, आणि ती तुझी आहेत. तू टाकलीस तशी मी टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली, त्यानंतर हात लावलेला नाही. तू ये, तुझ्या हातानं ती काढ आणि मॅडमना दे. आजींना मी सांगून टाकलंय की घुंगरं द्यायला घरातलं माणूस येतंय. कोण, ते त्यांनी विचारलं नाही. पण आज सकाळी त्यांनी तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली आहे.

तुझीच,
आई