नेट जोडायच्या आधी

प्रिय राजूदादा,

हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत दुकानातल्या कॉम्प्युटरला नेट जोडू नकोस. रस्त्याच्या खोदकामात लाइन तुटली म्हणून गेल्या आठवड्यात फोनवर किती चिडला होतास! मी मात्र आता त्या खोदणाऱ्यांना दुवा देते आहे. लाइनवाला आलाच असेल तर त्याला चहा पाज आणि नुसता बसवून ठेव.

माझी कुलपाची फाइल आठवते ना, तूच करून दिलेली? माझ्या फोनवर आणि तुझ्या सेलूच्या कॉम्प्युटरवर एकच. इथं ठेवलं की तिथं पोचतं, आणि इथलं पुसलं की तिथलंही जातं. परवा दुपारी माझा जरा डोळा लागला होता. ह्यांनी माझा अंगठा धरून फोनला टेकवला. जाग आली तोवर सगळं पुसून झालं होतं. तेव्हापासून फोन ह्यांच्याच खिशात आहे. त्यावरून 'मजेत आहे' असं काही आलं असेल तर ते मी लिहिलेलं नाही. उरलंय ते फक्त तुझ्याकडे, तेही लाइन तुटली म्हणून.

कासाराची सरजाबाई ओसरीवर सासूबाईंना पंचमीच्या बांगड्या भरते आहे आणि मी आत बसून हे खरडते आहे. "लय येळ लावायलीस गं आत," असं दोनदा ओरडून झालंय त्यांचं. उद्या सरजाबाई गंगाखेडहून सेलूलाच येणार आहे, कागद तिच्या पेटीत घालते.

पासवर्ड तू कधी विचारला नाहीस. आपल्या तांबड्या गाईचं नाव आणि पुढं आईचं माहेर, इंग्रजी अक्षरांत, सलग. आधी पेन ड्राइव्हवर प्रत काढ, मग उघड.

त्यात माझे दाखले आहेत असं मी तुला सांगितलं होतं. दाखले नाहीत दादा. माझ्या पाठीचे फोटो आहेत, आरशात बघून काढलेले, आणि ह्यांचा आवाज आहे. एकटा बघ, आईला दाखवू नकोस. मला फार भीती वाटते. फोन करू नकोस, भांडायला येऊ नकोस. दरवर्षीसारखा पंचमीला मुराळी होऊन ये, लाह्या-फुटाणे आण, हसून बोल. माहेरी न्यायला आलेल्या भावाला रिकामं परत पाठवलं तर गावात नाव जातं, तेवढं हे लोकही जपतात. फक्त या वेळी मला परत आणून सोडू नकोस.

तुझीच,
ईश्वरी